जरा

सोमवारी बिग्ना नसते.
सहाची गाडी धरून सामेदानला जाते, शाळेत.
डब्यात पाव आणि चीज, पिशवीतून डोकावणारी फूटपट्टी.
मंगळवार ते शुक्रवार ती कारखान्याची,
म्हणजे माझी,
म्हणजे खरं तर भुशाची.

पहिले तीन महिने मी तिच्या हाती केरसुणीच दिली.
माझ्या गुरूनं मला सहा महिने दिली होती,
तेव्हा मी मनातल्या मनात दयाळूच.
कुरकुरली नाही. फक्त एका संध्याकाळी पाहिलं
तर भुसा तीन डब्यांत वेगळा भरलेला:
लार्चचा तांबूस, स्प्रूसचा फिका,
आणि आरोला पाइनचा, ज्याचं झाकण
ती येता-जाता उघडून हुंगायची.

मग रंधा दिला.
मांजर धरावं तसा धरला तिनं,
निसटेल म्हणून घट्ट, चावेल म्हणून सैल.

हात बसायला वेळ लागतो. लागू दे.

जानेवारीत मेंगियाची पेटी आली करायला,
डोंगरावरच्या तिच्या चीजघरासाठी, एका खणाची.
शेगडी धडाडत होती, लाकूड कोरडं ठणठणीत.
मी म्हणालो, खण जरा ढिला ठेव.
जरा म्हणजे किती?
जरा म्हणजे जरा.
तिनं एक मिलिमीटर ठेवला.
मी बोटानं चाचपलं, म्हणालो, बरं.
(त्या दिवशी माझी पाठ दुखत होती.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

जूनमध्ये मेंगियाचा फोन.
तुमच्या खणानं माझी फडकी गिळलीत,
दूध तापतंय, या.
वर गेलो. धुकं दारातून आत येऊन
चुलीपाशी बसल्यासारखं.
बिग्ना पेटीसमोर मांडी घालून बसली,
खण ओढेना, नुसती त्याच्याकडे बघत राहिली.
मी म्हणालो, लाकूडच ते, फुगतं कधी कधी.
किती फुगतं? तिनं विचारलं.
पुन्हा तेच.
मेंगियानं हसून माझ्याकडे पाहिलं
आणि मला कढईत काहीतरी ढवळायला दिलं.

मंगळवारी ती आली ती कागद घेऊनच.
काफ्लिश सरांचं कोष्टक, तिचे आकडे:
हिवाळ्यात लाकडातलं पाणी आठ टक्के, तिथं वर चौदा,
फळीची उंची वीस सेंटिमीटर, लाकूड लार्च,
उत्तर तीन पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.
खाली दोन रेघा.

माझ्या ‘जरा’ची लांबी निघाली होती.

शिकवलं असेल मलाही, त्याच शाळेत,
तेव्हा मी खिडकीतून गाड्या मोजत असेन.
चाळीस वर्षं बोटांनी सांगितलं ते करत आलो,
बोटांना कोणी विचारलं नव्हतं.
रात्री जेवताना बायको म्हणाली, गप्प का?
म्हणालो, काही नाही, मीठ कमी आहे.

दुसऱ्या दिवशी खण कारखान्यात आणला.
साडेतीन घे, वर थोडं, मी म्हणालो.
थोडं का?
मेंगियाचं दार उत्तरेला उघडं असतं,
कढईची वाफ सगळी तिकडेच जाते.
हे कोष्टकात नाही, ती म्हणाली.
नाही, मी म्हणालो. म्हणून तर तू वर आली होतीस.

ती रंधत गेली. कडा गालाला लावून बघायला लागली,
कुठून शिकली कोण जाणे,
मी कधी शिकवलं नव्हतं,
फक्त रोज तिच्यासमोर करत होतो.

खिडकीशेजारच्या भिंतीवर
माझ्या गुरूच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत,
कुणाची खिडकी, कुणाची शवपेटी, नुसती मापं.
खाली माझ्या.
त्याखाली आता तिच्या बारीक अक्षरात:
मेंगिया, जून, ३.६ + जरा.

शुक्रवारी तिच्या शिकाऊ वहीवर सही करायची असते.
‘या आठवड्यात काय शिकलात’ असा रकाना आहे.
तिनं अर्धं पान लिहिलंय.
मी चष्मा पुसून वाचतो,
सही करतो,
आणि रकाना एकच का, असं मनात येतं.